कुसळांची बाजरी

"भेसळ!" म्हणत गोफण्या बियाण्यांच्या कोठीच्या दारात आडवा उभा राहिला.

गोफण्या हा आमच्या गावाचा पाखरं हाकणारा रोबो. सुगी झाली की कोठीही तोच सांभाळतो आणि भारी भाव खातो.

"ईश्वरी, सात वर्षांपूर्वी तू इथूनच बी नेलंस. तेव्हा शंभरात चार कणसांना कुसळं (ताठ, टोचरे केस) होती. आता साठांना आहेत. बाहेरचं बी मिसळलंस."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. टेकाडावरच्या तुकड्यात दर वर्षी मी घरचंच बी पेरत आले होते. कोठीत ठेवायला कणसांसकट आणलेलं माझं बी यानं घेतलं नाही, तर ते कोंबड्यांपुढे जाणार आणि मी गावभर खोटारडी ठरणार!

सोबत आलेले माझे आजोबा पिकांचे शास्त्रज्ञ. त्यांनी कणीस हातात घेतलं. "गोफण्या, दाणा बदललाय? कणसाची लांबी?"

"नाही. फक्त कुसळं."

"बाहेरचं बी असतं, तर बाकीचंही बदललं असतं. टेकाडावर तू पाखरं हाकतोस?"

"ते माझ्या टप्प्याबाहेर आहे."

"म्हणून तर चिमण्यांची चंगळ!" मी फणकारले. "कणसं सोलून ठेवतात मेल्या!"

"सगळी?" आजोबांनी विचारलं.

"नाही... कुसळांची सोडतात. टोचतं ना त्यांना."

"मग पेरायला बी कशाचं उरतं?"

"कुसळांच्या कणसांचंच जास्त! अय्या!"

"कुसळं हा आनुवंशिक गुण (बियातून पुढच्या पिढीत उतरणारा). म्हणून ती दर वर्षी वाढली. याला म्हणतात नैसर्गिक निवड (जे तगतं, त्याचीच संतती वाढते)."

"म्हणजे चिमण्यांना घाबरून बाजरीनं कुसळं काढली?"

"छे गं! बाजरीला काय कळतंय? ती चार कणसं आधीपासून होतीच. चिमण्यांनी बाकीची खाल्ली, एवढंच."

गोफण्याचे दिवे लुकलुकले. "गावाच्या शेतात आजही शंभरात चारच आहेत. बी तेच."

"कारण तिथं तू चोख राखण केलीस," आजोबा म्हणाले.

गोफण्या बाजूला सरला. "ईश्वरी, माझं चुकलं." मग हळूच म्हणाला, "मी एक दिवस बंद पडेन. तेव्हा गावाचं शेत कोण राखेल? गावासाठी यातलं मूठभर बी देतेस?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. "दोन मुठी घे! पण आधी नोंद कर."

त्यानं बरणीवर चिठ्ठी लावली. 'बी निवडणाऱ्याचं नाव' या रकान्यात मी त्याला ठळक लिहायला लावलं: चिमण्या. खाली, जरा बारीक अक्षरात, ईश्वरी.