तिसरा झटका

ही गोष्ट मी कुणाला घाबरवायला सांगत नाहीये. सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून सांगतेय.

यातलं एक अक्षर खोटं नाही. खोटं असतं तर मला किती बरं वाटलं असतं!

मी स्वाला. आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हिमनदीच्या पायथ्याशी आमची वस्ती आहे. मी आणि माझा थोरला भाऊ केतिल पर्यटकांना बर्फावर फिरवून आणतो. पोटापाण्याचा धंदाच तो आमचा. त्यामुळे बर्फाला मी घाबरते, असं कुणी म्हणू नये.

आधी एक सांगायला हवं. आमच्याकडे दार तीनदा वाजवतात. शेजारी असो, पोस्टमन असो, तीनदा म्हणजे तीनदा. एकच थाप पडली तर जागचं उठायचं नाही.

एकदाच वाजवतो, तो माणूस नसतो.

बर्फावर दोराचंही तेच. सगळे एका दोराला बांधलेले असतात. मागच्याला काही सांगायचं असेल तर त्याने तीन झटके द्यायचे. एका झटक्याला थांबायचं नाही, वळायचं नाही.

हसा खुशाल. केतिलही हसायचा. पण दार मात्र तीनदाच वाजवायचा.

तर, गेल्या जानेवारीतली दुपार. आमच्याकडे तेव्हा दिवस उगवतो न उगवतो तोच मावळतो. सोबत एक डच जोडपं होतं, योस्ट आणि त्याची बायको आनेलीस. गाड्या लावतो तिथे एक लाल गाडी उभी होती. टपावर बर्फ साचलेलं. आत लहान मुलाची खुर्ची बांधलेली.

आत कुणी नव्हतं.

"कुणी एकटाच वर गेला की काय?" मी म्हटलं.

"गेला असेल तर दिसेल," केतिल म्हणाला. "चल, पट्टे आवळ त्यांचे."

बुटांना लोखंडी काटे चढवले, दोर बांधला. पुढे केतिल, मग योस्ट, मग आनेलीस. सगळ्यात शेवटी मी. उरलेल्या दोराचं वेटोळं माझ्या खांद्यावर.

केतिल नेहमीसारखाच उघड्या हातांनी. ऐन जानेवारीत तो बर्फ फोडायची लोखंडी कुऱ्हाड उघड्या हाताने धरतो. हातमोजे घातलेला केतिल मी जन्मात पाहिला नव्हता.

"तुम्हाला थंडी वाजत नाही का हो?" आनेलीसने विचारलं.

"थंडी? कुठाय?" तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "स्वाला, तू पाहिलीस का गं?"

"तुझ्या कातडीला कळतंय कुठे! मेंढा आहेस तू."

सगळे हसलो. असं मिळून हसलो ते शेवटचं.

परत फिरलो आणि धुकं उतरलं. बघता बघता केतिल दिसेनासा झाला. मग योस्ट. शेवटी मला फक्त आनेलीसची पाठ दिसत होती, तीही अंधुक. काट्यांचा कचकच आवाज तेवढा येत होता.

आनेलीस एकदा घसरली. तिला उठवताना माझ्या खांद्यावरचं वेटोळं सुटलं आणि दोर मागे लोळायला लागला. बोटं बधिर झाली होती. म्हटलं, राहू दे. खाली गेल्यावर गुंडाळू.

थोडं चाललो असू...

मागून दोराला झटका बसला.

एकच.

अडकला असेल कुठेतरी, मी स्वतःला समजावलं. बर्फाच्या कडेला अडकतो कधीकधी. मी ओढला. सुटला.

चार पावलं गेले...

पुन्हा झटका.

पुन्हा एकच.

माझ्या मागे कुणी नव्हतं हो. दोरावर शेवटची मीच होते!

मी वळले नाही. वळायचं नाही, हे इतकं अंगात भिनलेलं. पण डोळ्यांसमोर ती लाल गाडी आली. ती छोटी खुर्ची आली. कुणाचा तरी बाप बर्फाच्या भेगेत पडला असेल आणि लोळणारा दोर त्याच्या हाताला लागला असेल तर? मी आणि केतिल दोघंही बचाव पथकात आहोत. बर्फावर माणूस टाकून आम्ही येत नाही. आजवर आलो नाही.

मी पुढे तीन झटके दिले. सगळे थांबले.

"काय गं?" धुक्यातून केतिलचा आवाज.

"मागून कुणीतरी दोर ओढतंय."



"किती वेळा?"

"एकदाच."

"मग चालायला लाग."

"अरे, ती लाल गाडी! माणूस असेल तर?"

"स्वाला, चल म्हणतो ना!" इतका चिडलेला केतिल मी कधी ऐकला नव्हता.

योस्ट आपला खुशीत. "हे पण भरलेल्या पैशांतच येतं का?" त्याने विचारलं.

शेवटी मी वळले. दोर माझ्या कमरेपासून निघून धुक्यात गेला होता. बर्फावर लोळत नव्हता...

ताठ होता.

मी ओरडले, "कोण आहे?"

काही नाही. वारासुद्धा नाही.

आणि मग मी ते बोलले. ते बोलले नसते तर आज ही गोष्टच नसती.

"माणूस असशील तर तीनदा ओढ! तीनदा ओढलंस तर मी येते!"

आम्ही वाट पाहिली. आनेलीसचे दात वाजत होते, ते ऐकू येत होतं.

झटका आला.

एक.

बऱ्याच वेळाने... दुसरा.

माझा जीव भांड्यात पडला. माणूसच आहे! मी दोन पावलं मागे टाकलीसुद्धा. केतिलने पुढून दोर घट्ट धरला होता, म्हणून थांबले.

"सोड ना! भेगेत आहे तो, जोर नाहीये त्याच्यात!"

"थांब गं बाई! आधी विचारू दे."

त्याने वॉकी-टॉकीवर खालच्या ठाण्यावर विचारलं. तिथे एयरून बसते. पर्यटकांची नावं टिपायची, आल्यागेल्याला सूप द्यायचं, हे तिचं काम. तिचा आवाज खरखरत आला.

"लाल गाडीवाला? तो होय! समोर बसून सूप ओरपतोय की. गाडी सुरू होईना म्हणून चालत आला. मुलगीही आहे बरोबर. का रे?"

केतिलने पुन्हा बटण दाबलं.

"वर अजून कुणी आहे का, एयरून?"

"तुम्ही चौघंच. लवकर या, सूप संपत आलंय."

वर दुसरं कुणीच नव्हतं.

दोर तसाच ताठ. त्या टोकाला काहीतरी उभं होतं, आणि माझं बोलणं आठवून बघत होतं...

तेव्हाच तिसरा झटका आला.

हळू. नीट. शिकल्यासारखा.

मी सुरी काढली. पहिला घाव दोराला लागलाच नाही. दुसऱ्याला तुटला.

तुटलेलं टोक बर्फावर पडायला हवं होतं की नाही?

पडलं नाही. ते हवेतच धुक्यात सरकत गेलं. कुणी काम आटोपल्यावर दोर गुंडाळून घेतं ना, तसं... सावकाश.

खाली कसे आलो, विचारू नका. योस्ट रडत होता. गाडीपाशी केतिलने माझ्या पाठीवर थाप मारली.

"नवा दोर तुझ्या पगारातून हं."

मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नव्हतं.

हिमनदीच्या बाजूचं शेवटचं घर केतिलचं. एकटाच राहतो. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"काल जेवायच्या वेळी तू आली होतीस का गं?"

"नाही. का?"

"दार वाजलं. उघडलं तर कुणीच नाही. पायरी तेवढी ओली होती."

"किती वेळा वाजलं?"

"तीनदा. म्हणून तर उघडलं."

"मग? काय केलंस?"

"काय करणार? म्हटलं, आलाच आहात तर या आत. आणि लावलं दार." तो हसला. "अगं, घाबरतेस काय अशी!"

त्यानंतर दोन दिवस त्याने फोन उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी स्वयंपाकघरात होते. दारावर थाप पडली.

एकच.

मी जागच्या जागी थिजले.

"स्वाला, उघड ना."

केतिलचाच आवाज.

"तीनदा वाजव आधी!" मी आतूनच ओरडले.



मग थाप. मग दुसरी. बऱ्याच वेळाने... तिसरी.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता बाहेरच्याने तीनदा वाजवून मला काहीच कळणार नाही. पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांनी त्या तीन थापांवर दारं उघडली. बाहेर माणूस आहे की नाही, हे ओळखायची तेवढी एकच खूण होती आमच्याकडे. ती मी त्या दिवशी धुक्यातल्या त्याला ओरडून सांगितली होती.

"स्वाला, उघड गं. मला थंडी वाजतेय."

काय करायचं होतं मी? भाऊ आहे हो माझा! एकुलता एक. खरंच तो असेल आणि मी त्याला बर्फात उभा ठेवला, तर?

मी दार उघडलं.

केतिलच होता. तोच चेहरा, तीच दाढी. आत आला, हीटरला पाठ लावून बसला. "माझ्या घरी फार गारठा आहे," म्हणाला. तेव्हापासून माझ्याकडेच आहे. बोलतो, विचारलं तर हसतोही. बर्फावर मात्र जात नाही. वस्तीतले म्हणतात, त्या दिवसाचा धसका घेतलाय त्याने, होईल हळूहळू बरा.

होईलही.

मी रोज त्याच्यापुढे गरम सूप ठेवते, आणि रोज तसंच थंड झालेलं उचलते.

आत आला तेव्हा त्याच्या हातात जाड हातमोजे होते. ते त्याने अजून काढलेले नाहीत.