भूमीला टेकलेला हात

उषाने, म्हणजे माझ्या बायकोने, कसेरा बाजारातून पितळी बुद्ध आणला तेव्हा मी कुरकुरलो होतो. घरात देव कमी होते का? पण मूर्ती बैठकीत ठेवली आणि मीच रोज तिच्यासमोर चहा घेऊ लागलो. माझी सगळी नोकरी धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात झाली. असा हात ओतणं किती अवघड, ते मला कळतं. डावा तळवा मांडीवर मोकळा, उजवा गुडघ्यावरून खाली सोडलेला, बोटांची टोकं खालच्या कमळाला टेकलेली. ‘तुझा साक्षीदार कोण?’ असं तपोभंग करायला आलेल्या माराने विचारलं, तेव्हा बुद्धाने न बोलता जमिनीला हात लावला, ती ही मुद्रा. इतकं शांत उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

गेल्या संक्रांतीनंतर उषाला पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. रोज दारात रांगोळी काढणारी बाई, तिला चमचा धरवेना. ती रडली नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. भंवरकुआंहून व्यायाम करवायला येणारा अर्पित म्हणाला, "आंटीजी, जे काम पसंद आहे ना, तेच या सीधे हाथाने करा. हाथ लाइन पर येईल."

उषाने घासणं निवडलं. आमच्याकडे सणाआधी देवाची उपकरणी चिंचेने लख्ख करतात. तिने दर शनिवारी बुद्धालाही तसंच घासायला घेतलं.

"आई, अँटिक पीस आहे," आमची सून शर्वरी म्हणाली. "पटिना, ती जुनेपणाची झाक, निघून जाईल. बस, सूखा कपडा फिरवा ना."

"पटिना-बिटिना राहू दे. देवाला असं काळं ठेवतात का?"

लुळ्या उजव्या हातात चिंचेचा गोळा धरायची आणि वरून डाव्याने दाबून घासायची. सगळा जोर मूर्तीच्या उजव्या हातावर, कारण काळं तिथेच, बोटांपाशी साचलेलं. खोलीत आंबट वास भरून राहायचा. आंब्याच्या दिवसांत तिचं पहिलं बोट हललं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

त्याच सुमाराला मूर्ती पुसताना कपड्याची कड बुद्धाच्या बोटांखालून आरपार गेली. मूर्ती एकसंध ओतलेली. बोटं आणि कमळ एकाच धातूची, मध्ये फट नव्हती. मी पहिल्याच दिवशी कौतुकाने निरखलं होतं. झिजली म्हणावं, तर बोटांची नखंसुद्धा तशीच रेखीव होती. पुढे त्या फटीत माझी करंगळी जाऊ लागली.

उषाचा हातही तेवढाच उठत होता. आता ती चमचा मुठीत धरून आपल्या हाताने जेवायची. मी कोणालाच काही बोललो नाही. कशाला बोलू?

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही बँकेत गेलो. उषाला शिक्षिकेची पेन्शन आहे. काउंटरवरच्या यामिनीने बोटांचे ठसे घेणारं मशीन पुसून पुसून पाहिलं.

"आंटीजी, राइट हँडची एक पण उंगली घेत नाहीये. लेफ्ट लावा."

"चिंचेने घासली गेलीत," उषा हसून म्हणाली.

मलाही ते पटलं. घरी येईपर्यंत पटलेलं होतं.

शनिवारी सकाळी मूर्ती खिडकीशी उन्हात घेतली आणि चष्म्यावर भिंग धरलं. उचललेल्या बोटांखाली, कमळावर, चार खुणा होत्या. त्यांत बारीक गोल रेषा होत्या, कातडीवर असतात तशा.

मधल्या बोटाखालच्या खुणेवर एक तिरका छेद होता.

लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला उषाचं मधलं बोट विळीवर कापलं होतं. हळद मीच दाबली होती. तो व्रण मी ओळखतो.

"अहो, चिंच भिजली का?" ओसरीतून उषाचा आवाज आला. "चार बोटं वळतात आता. एक अंगठा वळला, की चिमटीतून रांगोळी सुटेल."

मी मूर्तीकडे पाहिलं. तिचा अंगठा अजून गुडघ्याला चिकटलेला होता.

मूर्ती कुठेतरी देऊन टाकता आली असती. पण उषा दारात रांगोळीचा डबा घेऊन बसली होती, आणि इतकं आनंदी तिला मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

मी मूर्ती तिच्यापुढे ठेवली आणि चिंचेची स्टीलची वाटी पुढे केली. तिने ती उजव्या हाताने घेतली. बोटं काठाला लागली, धातूवर धातू लागावा तसा टिण् असा बारीक आवाज झाला.

तिच्या बोटात अंगठी नव्हती.