रडणारं चाक

आवाज करणारी गाडी दुकानात आली की ओगुटू लगेच तिला हात लावत नसे, आधी डोळे मिटून ऐकत असे. किसुमू शहरातून सरोवराकाठच्या डुंगाच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराखाली त्याचं दुकान होतं. विजेच्या सायकलीचं कुठलंही दुखणं आपण नुसत्या कानाने ओळखतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्यात फुशारकी थोडी होती, पण ती त्याला शोभायची.

त्या सकाळी अडोयो आपली सायकल ढकलत आली. ती सुकवलेली ओमेना मासळी विकायची. पोती वाहायला तिच्या मुलाने, ओबिएरोने, ही सायकल स्वतःच्या हातांनी तयार करून दिली होती. मागच्या चाकाच्या मध्यावर मोटर आणि वर लोखंडी कॅरिअर. ओबिएरो रविवारी होडी घेऊन सरोवरात गेला होता, तो अजून परतला नव्हता. फोन लागत नव्हता. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं जो तो तिला सांगत होता आणि ते खोटंही नव्हतं. त्या दिवसांत सरोवरभर जलपर्णी माजली होती. होड्या तिच्यात अडकून पडत, फोन बंद पडत आणि माणसं उपाशीपोटी शिव्या घालत परत येत. अडोयोला हे सगळं पाठ होतं. तरी ती घरी बसली नव्हती. या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर सायकल दामटत, दिसेल त्या कोळ्याला विचारत फिरत होती.

"बसून राहिले तर वेड लागेल मला," ती म्हणाली. "आज पागाच्या किनाऱ्यापर्यंत जायचंय. पण हिला आधी गप्प कर बाबा. रस्ताभर रडते. लोक वळून बघतात."

ओगुटूने सायकल घोडीवर चढवली आणि चाक फिरवलं. आवाज आधी खालच्या पट्टीत आला, मग बारीक झाला, मध्ये श्वास घेतल्यासारखा तुटला आणि पुन्हा सुरू झाला. त्याने बॅटरी काढून ठेवली. आवाज तसाच. म्हणजे वीज नाही, वायर नाही. ब्रेक सैल केला, आरे तपासले, आसाचे नट आवळले. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आसाला लावून मूठ कानाशी धरली. सगळे मिस्त्री असंच ऐकतात, डॉक्टर छाती ऐकतो तसं. बेअरिंग घासलं तर खरखर येते, चुंबक सुटलं तर टकटक येते. इथे यातलं काही नव्हतं. त्याने मूठ कानापासून जरा लवकरच दूर केली.

मोटर उघडली. चुंबकं जागच्या जागी, तारांची वेटोळी स्वच्छ, गंजाचा डाग नाही. दोन्ही बेअरिंगं ओबिएरोने नुकतीच घातलेली, लोण्यासारखी फिरत होती. तरी ओगुटूने ती धुतली, ताजं ग्रीस भरलं आणि सगळं पुन्हा बंद केलं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, हे त्याला कळत होतं, पण हात रिकामे ठेवणं जमेना. चाक फिरवलं. चाक रडलं.

त्याच छपराखाली वासोंगा चपला शिवत बसायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "अरे, तान्हं पोर आहे ते. नाव ठेवलं नाही म्हणून रडतंय."

ओगुटू हसला. अडोयो हसली नाही. गावात कुणाचं तान्हं रडायचं थांबलं नाही की तिला बोलावणं येई. मुलाच्या पाठीवर हात ठेवून घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची. ज्या नावाला मूल गप्प होईल, तो माणूस त्याच्यात परत आला असं समजायचं आणि तेच नाव ठेवायचं. नावं फक्त गेलेल्यांचीच. जिवंत माणसाचं नाव तिथे चुकूनही कोणी उच्चारत नाही.

ती उकिडवी बसली. फिरत्या चाकाच्या आसावर तळहात ठेवून तिने नवऱ्याचं नाव घेतलं, ओलांगो. मग सासऱ्याचं, राबुरू. मग सासू अवुओर, मग जन्मल्यावर लगेच गेलेली तिची थोरली मुलगी. थकलेलं माणूस काहीही करून बघतं, तसं ती करत होती. चाक रडत राहिलं.

"कोणीतरी राहिलं असेल," वासोंगा म्हणाला.

"संपली," अडोयो म्हणाली. "आमच्या घरातली गेलेली माणसं एवढीच."

ती उठली. सायकल होईपर्यंत डुंगाला चालत जाऊन विचारून येते म्हणाली. ओगुटूला तिच्याकडे बघवेना.

दुपार चढली. ओगुटूने मोटर पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. घामाने सदरा पाठीला चिकटला होता आणि तो आवाज आता त्याच्या दातांत उतरला होता. चाकाला एक हिसका देऊन तो वैतागून म्हणाला, "माझ्याच्याने नाही होत. तुला ओबिएरोच पाहिजे."

चाक गप्प झालं.

थांबलं नाही. फिरत राहिलं, पण गप्प.

वासोंगाचा दाभण चपलेत तसाच राहिला. गिऱ्हाईक यायची वेळ होती, तरी त्याने सामान गोळा केलं.

"मी काही ऐकलेलं नाही," तो म्हणाला आणि ओगुटूकडे न बघता निघून गेला.

ग्रीस आत्ता कुठे आतपर्यंत पोहोचलं असणार, असं ओगुटूने स्वतःला बजावलं. चाक पुन्हा फिरवलं. वेगाने फिरवलं, उलटं फिरवलं. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. आत काहीच नव्हतं. आता अडोयो येईल, चाक फिरवेल आणि विचारेल.

मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. चांगली चाललेली मोटर बिघडवायला घेतली. ग्रीस पुसून काढलं. आवाज नाही. बेअरिंगमध्ये वाळू सोडली. आवाज नाही. शेवटी त्याने एका बाजूचं बेअरिंग काढूनच घेतलं. आता आतली चुंबकं खेचली जाऊन चाक जागीच जाम व्हायला हवं होतं.

ते फिरलं. अगदी हलकं.

बेअरिंग मुठीत धरून तो बघत राहिला. त्याची वाळू त्याने कधी धुतली, कधी पुसली, त्यालाच कळलं नाही. हात आपल्या सवयीने काम करत होते.

अडोयो आली ती झपाझप चालत. तिचा चेहरा उजळला होता. असेम्बोच्या बाजूला जलपर्णीत अडकलेल्या होड्या कुणीतरी पाहिल्या होत्या. "आता पागा नको, तिकडेच जाते," ती म्हणाली आणि बोलता बोलता तिने हाताने चाक फिरवलं.

दोघं ऐकत राहिली.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"बेअरिंग गेलं होतं."

तिने हात पुढे केला. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही तिथली रीत. त्याशिवाय मिस्त्रीवर कोणी विश्वास ठेवत नाही. ओगुटूकडे मुठीतल्याशिवाय दुसरं काही नव्हतं. अडोयोने ते बोटावर चढवलं, कानाशी धरलं आणि फिरवलं. ते कितीतरी वेळ फिरत राहिलं, मऊ, बिनआवाज.

"हे तर चांगलं आहे," ती म्हणाली.

ओगुटू हातांचं ग्रीस पुसत राहिला.

"कोणाचं नाव घेतलंस?"

त्याने मान खाली घातली. तिने पुन्हा विचारलं नाही. बेअरिंग नेसूच्या कापडाच्या टोकाला बांधलं, मयत झालेल्या घरातली बाई सोडते तसा डोक्याचा रुमाल सोडला आणि सायकल घोडीवरून उतरवली.

"मावशी, नेऊ नको. आत एका बाजूचं बेअरिंग नाही, पडशील."

ती बसली. सायकल तिने असेम्बोच्या रस्त्याला लावली नाही, घराकडे वळवली. खडीवरून चाक जरासुद्धा न वाजता निघालं. कॅरिअर रिकामं होतं आणि हवा ओगुटूने सकाळीच कडक भरली होती. तरी मागचं टायर खाली दबलं होतं, पाठीमागे मोठा माणूस बसला की दबतं तसं.