स्विचवरची दस्ती

लाईट येईल तवा येईल, गप बसा. गरम कोणाला होत न्हाई? एसीवरूनच एक आठवलं. ऐकीव न्हाई सांगत. देविदास माझ्या साडूचा पोरगा, वसमतला एसीचा इंजिनियर.

त्याचा जोडीदार संतराम. दोघं मिळून दुकानांची, लॉजची कामं करायचे. मशीन गच्चीवर अन् मेन स्विच खाली, म्हणून त्यांचा कायदा होता. स्विच पाडून बंद करायचा, त्याच्या दांड्याला आपली दस्ती, म्हंजी हातरुमाल, बांधायची, मगच वर जायचं. दस्ती दिसली म्हणजे वर माणूस हाय, कोणी हात लावायचा न्हाई.

तरी संतराम गेला. एका तीन मजली कापड दुकानात. तो वर तारा जोडून राहिला अन् खाली कोणीतरी स्विच चालू केला. दस्ती स्विचवरही नव्हती, त्याच्या खिशातही नव्हती. सगळे म्हणले, बांधायलाच विसरला, आपल्या चुकीनं मेला. एकटी त्याची बायको शकुंतलाबाई म्हणायची, विसरणारं माणूस न्हाई ते. पण रडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?

तो गेल्यावरच्या पहिल्या आखितीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्री त्याच दुकानाचा एसी बंद पडला. ऐन लग्नसराई. देविदासचं मन नव्हतं, तरी गेला. सकाळी संतरामच्या नावानं पाण्याची घागर भरायची, तेच डोक्यात. स्विच पाडला. वर गेला. तारांत हात घातला...

तवा आठवलं. दस्ती बांधलीच न्हाई.

हात काढला. जिना उतरला. खाली दुकानाचे मालक किसनराव स्विचपाशीच उभे.

"आत्ता चालूच करणार होतो," ते म्हणले, "पण तुमची दस्ती बांधलेली दिसली."

देविदासनं खिसा चाचपला. त्याची दस्ती खिशातच...

स्विचवर निळ्या काठाची. गाठ उलटी. संतराम डावखुरा होता.

 

गाठ न सोडता देविदासनं ती दांड्यावरून सरकवून काढली. सकाळी शकुंतलाबाईपुढं ठेवली. ती घागर भरून राहिली होती. दस्ती तिनं गालाला लावली अन् म्हणली,

"म्हंजी बांधली होती त्यांनी."

एवढंच. पोरहो, ते ऐकून मोठा बाप्या माणूस देविदास, पण लेकरावानी रडला.

गाठ अजून कोणी सोडली न्हाई. संतरामच्या फोटोखाली ठेवलेली असते. परवा गेलो होतो मी, अशाच तापलेल्या दुपारी. हात लावून पाहिला...

गार होती.