चार बोटं केस आणि एक तलवार

माझे केस उडाले आणि थेट त्याच्या तोंडावर जाऊन आदळले, तेव्हा मी त्याला ओळखतसुद्धा नव्हते.

उडाले म्हणजे अगदी उडाले. बेली डान्सच्या स्पर्धेची निवड फेरी होती, भर दुपारची वेळ, थिएटर अर्धंअधिक भरलेलं. ताल चढला, मी कमरेतून वाकले आणि मान गर्रकन फिरवली. हा झटका म्हणजे आमच्या नाचातला हुकमाचा एक्का! आणि नेमकं तेव्हाच डोक्याला बांधलेलं कमरेपर्यंतचं गंगावन, वरच्या सोनेरी नाण्यांच्या पट्ट्यासकट, सुटलं. हवेत त्यानं एक सुरेख गिरकी घेतली आणि विंगेत दिसेनासं झालं.

मग विंगेतून आवाज आला, "आई गं!"

अख्ख्या थिएटरात हशा पिकला. उरलेला नाच मी कसा संपवला, माझं मलाच ठाऊक. संपल्या संपल्या दोन्ही हातांनी डोकं झाकत विंगेत धावले.

स्टुलावर एक जण बसला होता. मांडीत लाकडी डोकं, डोक्यावर अर्धवट विंचरलेला टोप, शेजारी कंगवे आणि आकड्यांचा डबा. हा थिएटरचा टोपवाला. संध्याकाळच्या नाटकाची तयारी करत होता बिचारा. त्याचा चष्मा एका कानाला लोंबत होता आणि हातात... माझे केस.

"तुमचे का?" त्यानं विचारलं.

"ह... हो."

"नेम चांगला आहे."

मला रडू येत होतं आणि हसूही. गेल्या वर्षी एक दुखणं आलं, दीड महिना ताप अंगात मुरला. जाताना माझे कमरेपर्यंतचे केस मूठमूठ घेऊन गेला. आता कुठे परत उगवत होते. लोक दोनच गोष्टी करायचे — एक तर नजर चुकवायचे, नाहीतर 'वाढतील गं' म्हणून पाठ थोपटायचे.

यानं दोन्ही केलं नाही. गंगावन उलटं करून बघितलं आणि म्हणाला, "आकडे तुम्हीच लावलेत?"

"हो."

"मग तुमची चूक नाही. चार बोटं केस आहेत. दहा आकडे धरून धरून कशाला धरणार?"

चार बोटं केस. पायाचं माप सांगावं तितक्या सहज म्हणाला तो. मी डोक्यावरचे हात नकळत खाली घेतले.

"तुमचा चष्मा मोडला..."

"तो आधीपासूनच वाकडा होता."

"ते दिसतंयच. तुमचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे."

"अहो, काय ओळख ना पाळख, एकदम कानावर?"

"चष्म्याच्या दुकानात काम करते मी. उद्या या. सरळ करून देते — चष्मा."

तो हसला. गालाला खळी वगैरे काही पडली नाही, पण डोळे आधी हसले आणि ओठ मागून आले. असं हसणारी माणसं फार नसतात.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. मी अंतिम फेरीत! माझ्या नाचाच्या बाई — सात वर्षं त्यांच्याकडे शिकतेय — कडक चेहऱ्यानं म्हणाल्या, "नाचावर निवडलंय त्यांनी तुला. पण अंतिम फेरीला असला तमाशा चालायचा नाही. केस म्हणजे अर्धा नाच. चार आठवडे आहेत, डोक्याचं काहीतरी बघ."

दुसऱ्या दिवशी अकराला तो दुकानात हजर. मी चष्म्याची काडी गरम केली, वाकवली, त्याच्या कानामागे बसवली, परत काढली. नाकावरचे टेकू जरा आत घेतले. हे मी दिवसातून वीस वेळा करते. पण त्या दिवशी आरसा पुढे करायच्या आधी तो उगाच दोनदा पुसला.

"आता सगळं सरळ दिसतंय," तो म्हणाला.

"आधी काय वाकडं दिसत होतं?"

"जग. तुम्ही तेवढ्या ठीक दिसत होतात." मग स्वतःच्याच बोलण्यानं गडबडून घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे... डोक्याचं माप द्यायला या. अंतिम फेरीत काय करणार आहात?"

"डोक्यावर तलवार तोलून नाचणार आहे."

त्यानं चष्मा नाकावर घट्ट केला. "मग लवकर या."

मी एकटी गेले नाही. आत्याला बरोबर घेतलं. आई गेल्यावर मला वाढवणारी ती. माझे नाचाचे पोशाखही तीच शिवते. टोपवाल्याची खोली थिएटरच्या माडीवर होती. फळीवर ओळीनं लाकडी डोकी, खिडकीपाशी रंगाप्रमाणे बांधून टांगलेल्या केसांच्या जुड्या, टेबलावर बारीक जाळी आणि तिच्यात एकेक केस ओवायची आकड्यासारखी सुई.

"इतक्या डोक्यांत राहून डोकं फिरत नाही का रे तुझं?" आत्यानं विचारलं.

"ही डोकी बोलत नाहीत ना, म्हणून बरं चाललंय," तो म्हणाला, आणि आत्या तिथल्या तिथे पाघळली.

मग सुरू झाली आमची परीक्षा. रोज दुकान सुटलं की मी माडीवर. आधी त्यानं उंच अंबाडा बांधला. खोटाच, पण देखणा. भोवती साखळ्या सोडल्या. मी रेशमी ओढणी डोक्यावरून फिरवली आणि ती साखळीत अशी अडकली, की दोघांनी मिळून सोडवायला दहा मिनिटं लागली.

"हलू नका."

"हलत नाहीये."

"श्वास घेताय."

"तो पण बंद करू?"

"...नको. घ्या."

दुसऱ्या दिवशी उंच पोनी. ती झटक्यात फिरायची छान, पण टोक दर वेळी लिपस्टिकला येऊन चिकटायचं. "तोंडात केस गेले की राणी वाटत नाही, मांजर वाटते," आत्यानं निकाल दिला. मग खड्यांचा मुकुट आला. तो घालून आरशात पाहिलं, तर लग्नाच्या केकवरची बाहुली! टोपवाला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"हसताय तुम्ही!"

"छे. खोकला."

त्या दिवसांत मला एक कळलं. तो माझ्या डोक्याला हात लावायचा तो किती जपून! टाळूवर जिथे अजून केस विरळ होते, तिथे त्याची बोटं आपोआप हलकी व्हायची. मी डोळे मिटून बसायचे... आणि मिटलेल्या डोळ्यांनी काय काय बघायचे, ते सांगायची गरज नाही.

पण मनात एकच हट्ट होता. एका संध्याकाळी सांगून टाकलं. "मला माझे केस हवेत. कमरेपर्यंत. अगदी होते तसे."

मी जुना फोटो पुढे केला. त्यानं तो खिडकीशी उजेडात धरून पाहिला. "करतो," म्हणाला.

बारा दिवस तो जाळीत एकेक केस ओवत बसला. तेराव्या दिवशी टोप माझ्या डोक्यावर चढला आणि आरशात मी उभी होते — आजारपणाच्या आधीची. आत्यानं तोंडावर हात ठेवला. मला हुंदका आवरेना.

मग मी तलवार डोक्यावर ठेवली आणि नाचले. तो कोपऱ्यातून बघत होता. गाणं थांबलं तरी त्याची नजर टोपावरच होती.

"काय झालं? सुंदर नाहीये?"

"टोप सुंदर आहे."

"आणि मी?"

तो चष्मा पुसायला लागला. "खरं सांगू? टोप टाळूवर केसभर सरकतो. त्याच्यावरची तलवार बोटभर सरकते. ती सांभाळायला तुम्ही मान आखडून धरता, खांदे आखडता... टोप घातला की तुम्ही त्याची राखण करता. नाचत नाही."

"मग काय करू? सगळ्यांसमोर अशी जाऊ?" मी टोप काढून टेबलावर टाकला. "तुम्हाला काय कळणार! तुमची सगळी डोकी लाकडाची. त्यांना कुणी हसत नाही!"

त्याचा चेहरा पडला. पण आवाज चढला नाही. "त्या दिवशी थिएटर हसलं, तेव्हा मी तिथेच होतो," तो म्हणाला. "आणि लोक हसत असताना तुम्ही चाळीस सेकंद नाचलात. ते मी पाहिलंय. तुम्ही नाही पाहिलंत. तेव्हा मान मोकळी होती तुमची."

मी पर्स उचलली आणि जिना उतरून आले. आत्या मागून येत होती. रस्ताभर एक शब्द बोलली नाही. आत्या गप्प बसते, तेव्हा समजायचं की चूक आपली आहे.

पाच दिवस मी माडीवर गेले नाही. त्याच्याकडूनही काही निरोप नाही. अंतिम फेरीच्या सकाळी थिएटरमधून एक खोका आला. आत दोन गोष्टी होत्या. एका बाजूला टोप, आतून नव्यानं आवळलेला. दुसऱ्या बाजूला गडद निळ्या मखमलीचा एक पट्टा. कपाळावरून कानांमागे जाणारा, टाळूवर रुंद होणारा. आतून मऊ चामड्याची पट्टी, म्हणजे घामानं घसरणार नाही. बाहेरून बारीक सोनेरी नाणी, प्रत्येक नाणं दोन टाक्यांनी पक्कं. केस लपवायला त्यात काहीच नव्हतं. मागून, कडेनं, सगळीकडून माझे स्वतःचे चार बोटं केस दिसणार होते.

सोबत चिठ्ठी. 'दोन्ही तुमच्याच मापाचे आहेत. कुठलंही घाला, मी विंगेत आहे.'

रंगपटात आम्ही सहा जणी होतो. पाच जणींचे केस पाठीवर लहरत होते — कुणाचे कुरळे, कुणाचे फुलांनी सजलेले, कुणाचे गुडघ्याला टेकायचे तेवढे बाकी. मी टोप घातला. आरशात पाहिलं. छान दिसत होते, खोटं कशाला बोलू? पण मान... मान आपोआप आखडली. भरलेला हंडा डोक्यावर असावा तशी.

मी टोप काढला.

"अगं, हे काय?" बाई धावत आल्या. "नाचायला तिसरा नंबर तुझा! अशी बिनकेसाची जाणार आहेस?"

"बिनकेसाची नाही, बाई. चार बोटं आहेत. मोजून बघा."

"लोक काय म्हणतील?"

"ते नाच संपल्यावर विचारू त्यांना."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग काय वाटलं त्यांना कोण जाणे, स्वतःच्या हातानं निळा पट्टा उचलून माझ्या कपाळावर बसवला आणि मागची गाठ मारली. "मग हनुवटी वर ठेव," म्हणाल्या. आवाज जरा ओला होता.

पडदा वर गेला. रंगमंचावर मी आणि उघडी मान. पहिल्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, ते मला ऐकू आलं. मी हसले. तलवार दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्यावर ठेवली. मखमलीनं ती अशी धरली, जणू माझ्या अंगालाच फुटली होती.

ताल सुरू झाला... आधी संथ. कंबर आठाचा आकडा काढत राहिली, खांदे पाण्यासारखे, आणि वर तलवार निश्चल. मी गुडघ्यांवर बसले. मागे झुकले, आणखी झुकले. नाणी एवढीशी किणकिणली. तलवार हलली नाही. कुजबुज थांबली होती. मग ताल चढला, मी उठले, तलवार उतरवून पायाशी ठेवली आणि मान झटकली — एकदा, दोनदा, गरागरा! मानेला, कानांना, टाळूला वारा लागत होता. वर्षभरात पहिल्यांदा मला माझं डोकं माझं वाटलं. पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दिवे, माझीच पावलं, आणि शेवटच्या ठोक्याला थांबलेली मी.

मग अख्खं थिएटर उभं राहिलं!

पहिला नंबर माझा आला. परीक्षक बाईंनी माइकवर सांगितलं, "आज आम्हाला पहिल्यांदा नर्तिकेची मान पूर्ण दिसली, आणि केवढी बोलकी मान!" आमच्या बाई इतक्या जोरात टाळ्या वाजवत होत्या, की त्यांच्याच अंबाड्यातला चाप निसटला.

मी विंगेत गेले. तो नव्हता.

स्टूल रिकामं. माडीवर धावले, खोलीला कुलूप. पाच दिवस मी एका शब्दाचाही निरोप धाडला नव्हता. कशाला थांबेल तो? तशीच, पोशाखात, ट्रॉफी काखेत मारून थिएटरच्या बाहेर पळाले. मागून आत्या, "अगं चप्पल तरी घाल!" म्हणत.

पाच वाजत आले होते. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. तो समोरच्या बसस्टॉपवर उभा होता. हातात पिशवी.

"जाताय?" मी धापा टाकत विचारलं. "न भेटता?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही. त्या दिवशी मी जरा जास्तच..."

"तुम्ही खरं बोललात. मी वाईट बोलले. सॉरी."

"नाच..." तो म्हणाला आणि थांबला. परत, "तो नाच..." आणि परत थांबला. चष्म्यामागे त्याचे डोळे भरून आले होते. "मी सगळा पाहिला नाही. मधे काही दिसेना."

बसस्टॉपवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. चमचमता पोशाख, अनवाणी पाय, बारीक केस. बघू देत. माझी हनुवटी वर होती.

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं.

नेमकी तेव्हाच बस आली, घरघरत. "काय?" तो म्हणाला.

"मला तुम्ही आवडता!" मी ओरडले. "खूप! पहिल्या दिवसापासून!"

बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कुणीतरी शिट्टी वाजवली. आत्या माझ्या चपला हातात घेऊन येऊन पोचली होती. ती त्याला म्हणाली, "अरे, सगळ्या रस्त्याला कळलं. आता तुला कळलं असलं तर उत्तर दे, बस सुटायची खोळंबलीय."

त्यानं पिशवी खाली ठेवली. ड्रायव्हरला हातानंच जा म्हणून सांगितलं. बस निघून गेली. मग तो दोन पावलं पुढे आला, कानाच्या पाळ्या लाललाल झालेला, आणि हळूच — पण अगदी स्पष्ट — म्हणाला,

"तू मला त्याच्याही आधीपासून आवडतेस. निवड फेरीच्या आदल्या दिवशी तू थिएटरात सराव करत होतीस. मी अंधारात, मागच्या खुर्चीवर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी विंगेत माझं काही काम नव्हतं. उगाच एक टोप घेऊन बसलो होतो."

मी भर रस्त्यात, भर उन्हात, ट्रॉफी आत्याच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.