प्रश्न विचारून थांबायचं

पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या मी प्रेमात पडले. त्याला पंख्यातलं काही कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

शनिवारची सकाळ होती. सातवीच्या वर्गातला पंखा कित्येक दिवस खडखडत होता आणि त्या आवाजात माझं इंग्रजी मलाच ऐकू येत नव्हतं. मी कार्यालयात निरोप देऊन ठेवला होता. त्यामुळे दारात खांद्याला पिशवी अडकवलेला एक उंच तरुण दिसला, तेव्हा मी सरळ विचारलं, "पंख्याचे ना तुम्ही? हो, या या. ते स्टूल घ्या. जरा सांभाळून, एक पाय डुगडुगतो त्याचा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे, मग वर.

"हा पंखा?"

"दुसरा आहे का इथे?"

तो हसू दाबत निमूटपणे स्टुलावर चढला. पहिल्या बाकावरच्या मुली धावत जाऊन स्टूल धरून उभ्या राहिल्या. त्यानं पात्यांच्या वर हात फिरवला आणि तिथून एक चुरगळलेलं कागदी विमान काढलं. वर्गात टाळ्या पडल्या. पंखा लावला, तर आवाज गायब!

तेवढ्यात मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, दारात आल्या. "अरे वा, ओळख झालीसुद्धा? हे तुमचे संशोधनाचे मार्गदर्शक."

माझे कान तापले. वर्गाला लिहायला देऊन मी त्याला बाहेर व्हरांड्यात गाठलं. "तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो." तो केसांतली धूळ झटकत हसला. "पण तुम्ही मध्ये जागाच कुठे सोडलीत?"

तेव्हा ते वाक्य मी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं. त्या वाक्यात काय दडलं होतं ते कळायला मला पुढे एक अख्खं संशोधन करावं लागलं.

तर ते संशोधन म्हणजे असं. इंग्रजी शिकवणाऱ्या आम्हा काही शिक्षकांना एका योजनेत घेतलं होतं. विद्यापीठातल्या कुणी येऊन आमच्यावर प्रयोग करायचे नाहीत. आपल्या वर्गात आपल्याला काय खुपतं, ते आपणच शोधायचं. वर्गात टिपायचं, तपासायचं, काही बदलून पाहायचं. सोबतीला एक मार्गदर्शक. तोही वर्गात उभा राहणारा शिक्षकच, आदल्या वर्षी स्वतः यातून गेलेला. आणि त्या मार्गदर्शकांना एक नियम होता. उत्तर द्यायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं.

हा माणूस तो नियम अक्षरशः पाळायचा.

मी मुळात रसायनशास्त्राची. शाळेत इंग्रजीची जागा रिकामी होती, म्हणून इकडे आले. त्यामुळे पहिल्याच बैठकीत मी त्याच्यापुढे एक देखणा आराखडा ठेवला. माझा प्रश्न होता, मागच्या बाकावरच्या मुली इंग्रजीच्या तासाला बोलत का नाहीत? अ तुकडीला नवी पद्धत लावायची, ब तुकडीला काही नाही. शेवटी दोन्हींची तुलना, आलेखासकट.

त्यानं तो शांतपणे वाचला. "ब तुकडीनं काय पाप केलंय?"

"पाप कसलं? तुलनेला काहीतरी हवं ना."

"आणि नवी पद्धत म्हणजे कोणती?"

"ती... ठरवायची आहे."

"म्हणजे औषध अजून नाही, पण ते कुणाला द्यायचं नाही हे ठरलंय?"

मला हसू आलं, आणि रागही. "तुम्ही कधी सरळ उत्तर देता का हो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणाऱ्या गणिताच्या बाईंनी त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं – प्रश्नचिन्ह. दर शनिवारी फाटकाशी त्याची पिशवी दिसली की त्या मला कोपरानं ढोसायच्या. "आलं बघ तुझं प्रश्नचिन्ह. आज ओढणी इस्त्रीची दिसते!"

"रोजच असते."

"हो का? मग शुक्रवारी कुठे गेली होती?"

गणितवाल्यांपुढे काही लपत नाही.

तो मागच्या बाकावर बसायचा. मान किंचित कलती, गुडघे बाकात न मावणारे. मी फळ्याकडे वळले तरी पाठीला कळायचं की तो लिहितोय, की थांबलाय. तास संपल्यावर तो एकच प्रश्न विचारायचा आणि मी तो घरी घेऊन जायची... भाजी चिरताना, बस पकडताना, तोच. एकदा त्यानं विचारलं, "वर्गात तुम्ही स्वतःला कधी ऐकलंय?"

"माझा आवाज भयंकर आहे."

"हे मोजलंय, की नुसता अंदाज?"

म्हणून पुढच्या शनिवारी मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि तो टेबलावर हजेरीपटाच्या आड उभा केला. तास छान झाला, असं मला वाटलं. मुलं पांगली. तो पिशवी आवरायला टेबलापाशी आला, दोन शब्द बोललो, तो गेला. मोबाइल बंद करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

रविवारी दुपारी कानात इअरफोन घालून मी ऐकायला बसले. शब्द न् शब्द उतरवून काढायचा होता. आई समोर चादरींच्या घड्या घालत होती.

आधी पाखराची गोष्ट. मग माझा आवाज... प्रश्न... "व्हाय डिड द बर्ड कम बॅक? कारण त्याला घर आठवलं, हो ना? व्हेरी गुड."

व्हेरी गुड? कुणाला व्हेरी गुड? कुणी तोंड उघडलंच नव्हतं!

मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुढचा प्रश्नही तसाच. त्याच्या पुढचाही. मी विचारायची आणि श्वास न घेता स्वतःच उत्तर द्यायची. मागच्या बाकावरच्या मुली मुक्या नव्हत्या. त्यांची पाळी मीच खात होते.

"सापडलं!" मी ओरडले.

आई दचकली. "काय हरवलं होतं?"

सांगणार होते, पण रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. बाकांची सरकासरक, घंटा, पळणारी पावलं. आणि मग, अगदी मोबाइलजवळ, त्याच्या पिशवीची चेन.

माझा आवाज: "चहा घेणार का? नको, तुम्हाला उशीर होत असेल."

मध्ये काहीतरी होतं. 'घेणार का' आणि 'नको' यांच्यामध्ये, एवढंसं. मी आवाज वाढवला. तो श्वास होता. बोलण्याआधी माणूस घेतो तसा, आत घेतलेला... आणि माझ्या 'नको'नं मध्येच तोडलेला.

पुढे पुन्हा मीच: "स्टॉपपर्यंत येऊ का सोबत? छे, रस्ता तर पाठच असेल तुम्हाला."

पुन्हा श्वास.

आणि शेवटी, जरा हळू: "हे सगळं संपल्यावर याल का कधी इकडे? कशाला याल म्हणा, काम थोडंच असणार आहे."

या वेळी श्वासानंतर एक अर्धा शब्दही होता. "अहो, मी..." पण तोवर मी "चला, भेटू" म्हणून मोकळी झाले होते.

मी विज्ञानाची आहे, एवढ्यावर निष्कर्ष काढायचा नसतो. माणूस श्वास घेतो याला इतर कारणं असू शकतात. सर्दी. खडूची धूळ. जिना. पण जिना तो उतरणार होता, चढून आला नव्हता. मी पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

"अगं, एकच गोष्ट किती वेळा ऐकशील?" आई म्हणाली. "आणि धडा ऐकताना कुणी असं लाल होतं का?"

सोमवारी वर्गात मी तोच प्रश्न विचारला. पाखरू परत का आलं? आणि थांबले.

काय सांगू, किती अवघड असतं ते! शांतता नुसती अंगावर येते. जीभ आपोआप वळवळते. पुढच्या बाकावरचे नेहमीचे हात वर झाले. मी नजरेनंच ते खाली घ्यायला लावले. कुणीतरी खोकलं. पंखा मुकाट फिरत होता. आणि मग मागून, खिडकीजवळून, वर्षभरात मी जिचा आवाज ऐकला नव्हता ती दोन वेण्यांची मुलगी उठली.

"बिकॉज... द विंडो... इज ओपन."

वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. माझ्या डोक्यात हे उत्तर कधी आलंच नव्हतं! तिच्यामागून दुसरी उठली. "नो, बिकॉज... हर फ्रेंड इज हिअर." मग तिसरी. घंटा झाली तरी भांडण चालूच, आणि तेही इंग्रजीत.

मी जिन्यातूनच त्याला फोन लावला. "त्या बोलल्या! अहो, बोलल्या त्या! मी नुसती थांबले, आणि—"

पलीकडे तो इतक्या मोठ्यानं हसला की मला मोबाइल कानापासून दूर धरावा लागला. मार्गदर्शकानं असं हसणं नियमात बसत होतं की नाही, कोण जाणे. मग म्हणाला, "रेकॉर्डिंगमध्ये आणखी काही सापडलं?"

"नाही," मी म्हणाले. "नाही... म्हणजे, तपासतेय अजून."

आता माझ्याकडे वेळ फार नव्हता. महिनाअखेरीस सगळ्या शिक्षकांनी आपापली पोस्टरं एका सभागृहात मांडायची, की योजना संपली. त्यानंतर त्याला दूरच्या एका गावातल्या शिक्षकांचा गट मिळणार होता. आमच्या फाटकाशी ती पिशवी पुन्हा दिसणार नव्हती. मला कळायला हवं होतं की ते श्वास कशाचे होते. विचारलं नाही, तर जन्मभर अंदाजच करत बसले असते.

पोस्टर करताना त्यानं फक्त शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'हे निष्कर्ष एका सातवीच्या वर्गापुरतेच आहेत.'

"इतकं सावध राहायलाच हवं?"

"एका वर्गावरून जगाबद्दल बोलायचं नसतं," मी म्हणाले.

"आणि एका माणसावरून?"

उत्तरासाठी तो थांबलाच नाही, घाईघाईनं पिशवी उचलून निघाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. ही नोंद मी मनातच ठेवली.

तो दिवस आला. सभागृहाच्या भिंती पोस्टरांनी भरल्या होत्या, हातात चहाचे कप घेऊन शिक्षक फिरत होते. माझ्यापुढे गर्दी झाली. केस पिकलेले एक सर चष्मा वर करून म्हणाले, "मग त्या शांततेत तुम्ही करता काय?"

"काहीच नाही, सर. तेच शिकायला वेळ लागला."

ते खळखळून हसले. "माझी बायको मला हेच सांगते आहे कधीची!"

गणिताच्या बाई सुट्टी टाकून आल्या होत्या. जाताना त्यांनी माझा दंड दाबला. "आलेख झाला. आता गणित सोडव."

संध्याकाळी सभागृह रिकामं झालं. पश्चिमेच्या खिडक्यांतून तिरपं ऊन जमिनीवर पडलं होतं. मी पोस्टरच्या टाचण्या काढत होते. तो कागदाचं दुसरं टोक धरून उभा होता. शेवटची टाचणी निघाली. पोस्टर आमच्या दोघांच्या हातांत आलं.

"झालं," तो म्हणाला.

"एक राहिलंय," मी म्हणाले. "त्या दिवशी मोबाइल बंद करायचा राहिला होता. तास संपल्यावरचंही रेकॉर्ड झालं. मी तीन प्रश्न विचारले होते तुम्हाला. तुम्ही तीनदा श्वास घेतलात."

तो कागद गुंडाळत माझ्यापर्यंत आला आणि गुंडाळी माझ्या हातात दिली.

"तुम्ही काय म्हणणार होतात?"

आणि थांबले.

जिभेवर सगळं तयार होतं. जाऊ दे, सहज विचारलं. सर्दी झाली असेल. उशीर होतोय ना तुम्हाला... मी टाचण्यांची मूठ आवळली. एक टाचणी तळव्यात टोचली, तरी गप्प राहिले. बाहेर कुणीतरी खुर्च्या रचत होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या पहिल्या दिवसासारखाच हसू दाबत होता... नाही, दाबत नव्हता.

त्यानं श्वास घेतला. तोच, मला पाठ झालेला. या वेळी तो कुणी तोडला नाही.

"चहा घेतला असता," तो म्हणाला. "रस्ता मला अजूनही पाठ नाही, दर शनिवारी चुकतो. आणि तिसरं..."

मी थांबले.

"तिसरं म्हणजे, मला कामाशिवायच यायचं होतं. तुम्ही मला स्टुलावर चढवलंत, त्या दिवसापासून. पण मी तुमचा मार्गदर्शक होतो. मी काही बोललो असतो, आणि तुम्हाला नको असतं, तर तुमचं काम अवघडलं असतं. म्हणून योजना संपायची वाट बघत होतो."

"आणि आता?"

"आता तुमच्यापुरता मी एका शाळेतला साधा मास्तर. पंखे दुरुस्त करतो." त्यानं पोस्टरची गुंडाळी माझ्या हातून काढून घेतली, बाजूला ठेवली. "त्या गावाहून इकडे दर रविवारी गाडी आहे. बघून ठेवलंय. आता एक मीच विचारू? नीट विचार करून सांगा. हवा तेवढा वेळ घ्या, मी थांबतो. तुम्ही माझ्याशी—"

"हो."

"अहो, प्रश्न तरी पुरा करू द्या!"

"करा ना. उत्तर तेच आहे."

तो हसत सुटला. रिकाम्या सभागृहात ते हसू भिंतींवर आपटून परत आलं. "बाई, सगळं संशोधन वाया घालवलंत की!"

"मुळीच नाही," मी टाचण्या त्याच्या तळहातावर ठेवल्या, आणि माझा हात तिथेच राहू दिला. "पोस्टरवर लिहिलंय स्पष्ट. निष्कर्ष सातवीच्या वर्गापुरतेच आहेत."