शेवटचं गाणं ज्यानं आणलं त्याचं

काम काय, तर कोंबड्यांचं खाद्य आणायचं. बायको, वर्लीन, सोबत आली होती, पण आली म्हणजे नुसती शेजारी बसली. वसंतात आमचा डेल पुरात गेला. एकुलता एक पोरगा. तेव्हापासून तिचं बोलणं म्हणजे "जेवून घे" आणि "दिवा घालव". माणूस डोळ्यांसमोर असून हातातून निसटत चाललंय, याच्यासारखं वाईट काही नाही बघ.

खाद्याच्या दुकानाबाहेर कागद डकवला होता. आज हॉलवर कंट्री गाणी आणि नाच. मी आपलं सहज म्हणालो, "काय गं, जायचं का?"

"या अवतारात?"

कितीतरी दिवसांनी तिनं मला काहीतरी विचारलं होतं!

"तिथं कोण अप्सरा येणार आहेत? सगळी माझ्यासारखीच म्हातारी गुरं."

हसली नाही, पण नकोही म्हणाली नाही. पोती गाडीत मागं टाकली आणि तसेच गेलो.

आमचा हॉल म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर. बूट सरकावेत म्हणून फरशीवर मक्याचं पीठ टाकतात, त्याचा आणि बिअरचा वास कायम तिथं घुटमळतो. फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, अगदी रडवेलं वाजत होतं. वर्लीनचा हात माझ्या हातात आला आणि दोनच चकरांत तिची पावलं जुन्या ठेक्यावर पडायला लागली.

आमच्याकडे रीत आहे. नाचताना पाठीमागून कुणी खांद्याला बोटं लावली, की मुकाट बाजूला व्हायचं. तेवढ्या गाण्यापुरती जोडीदारीण त्याची. कोण आहे म्हणून वळून बघणारा कद्रू ठरतो. फक्त शेवटचं गाणं कुणी मागायचं नाही. ते, ज्यानं तिला नाचाला आणलं त्याचं.

बोटं लागली. मी सवयीनं हात सोडला, भिंतीशी जाऊन उभा राहिलो. खांदा गार लागला म्हणून चाचपला, तर सदरा ओला... आणि वास चिखलाचा. नदीतल्या.

वर्लीन एकटीच नाचत होती. एकटी कसली! तिचा हात चांगला वर होता, उंच माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. डेल माझ्याहून वीतभर उंच. लोकांनी माना फिरवल्या. बिचाऱ्यांना सगळं ठाऊक होतं. आणि ती हसत होती रे.

गाणं संपल्यावर ती माझ्याकडे आली. गाल लालबुंद.

"अरे हॉलिस, आपला गधडा अजून डावा पाय चुकवतो."

"वर्लीन... घरी चल."

"शेवटचं गाणं झालं की मी त्याच्याबरोबर जाणार. न्यायला आलाय तो मला." शेजारणीकडे जाऊन येते म्हणावं, इतकं साधं बोलली.

तेवढ्यात शेवटचं गाणं सुरू झालं. मी तिला घट्ट धरलं. अर्ध्या चकरेतच खांद्यावर बोटं टेकली.

"बाळा," मी न वळता म्हणालो, "शेवटचं गाणं ज्यानं आणलं त्याचं. मीच शिकवलंय ना तुला?"

बोटं उचलली नाहीत. पाण्याचा ओघळ पाठीवरून पट्ट्यापर्यंत उतरला.

"सोड ना रे मला..." ती माझ्या छातीशी पुटपुटत होती. "लेकरू एकटं आहे माझं..."

"नाही. माझ्याबरोबर आलीस, माझ्याबरोबरच जायचं."

मीही रडत होतो, लपवू कशाला? फिडल थांबलं तेव्हाच खांदा हलका झाला. पोराला रीत मोडता आली नाही. मी माझी बायको राखली होती, आणि पोटच्या पोराला हाकललं होतं.

गाडीत वर्लीन दारापाशी बसली नाही. सरकून मधे आली, मला खेटून. तिघं निघालो की ती अशीच बसायची. पलीकडचं दार मात्र उघडंच राहिलं होतं. ते लावायला मी उतरणार, तोच आतून कुणीतरी बेतानं ओढून घेतलं.

बराच वेळ गाडी चालवत राहिलो. घराचं वळण मागं पडलं तरी तिनं हटकलं नाही. शेवटी रस्त्यावरची नजर न काढता मी विचारलं, "डेल... कुठं सोडू रे तुला?"

वर्लीननं मान तिकडं वळवून ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हणतो, त्यालाच माहीत नाही."